चांदीला घरी न्या

जगदेवीचा फोन त्या दिवशी हातातून निसटला नसता, तर आज ती नांदेडच्या एका बँकवाल्याची बायको असती आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण फोन निसटला. तोही लातूरच्या ऐन गंजगोलाईत, भर बाजारात ऑटोतून उतरताना, आणि वरून एका घाईतल्या माणसाचा बूट त्याच्या काचेवर पडला. जगदेवीनं त्या माणसाच्या पाठीला दोन शब्द सुनावले, फोन ओढणीच्या टोकात गुंडाळला आणि समोर दिसलेल्या पहिल्याच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरली.

दुकान जीशानचं होतं. लातुरात क्लासची पोरं जेवढे फोन फोडतात, त्यातले बरेचसे त्याच्याकडेच यायचे, त्यामुळे गडी कायम खुशीत असायचा.

"काच बदलावी लागंल मॅडम, जरा वेळ जाईल," तो म्हणाला. "वर माडीवर बसा. पंखा हाय. आमची ऐतवारची मंडळी बसलेली हाय, पण भिऊ नका. माणसं चांगली हाईत, थोडी येडी हाईत एवढंच."

लाकडी जिना चढून जगदेवीनं आत डोकावलं, तर काही पोरंपोरी लॅपटॉप मांडून बसलेली. क्लासची असतील असं तिला वाटलं, पण कुणाच्याच पुढ्यात पुस्तक नव्हतं. एका पडद्यावर भूत फिरत होतं, दुसऱ्यावर एसटीची लाल बस खड्ड्यांवरून उड्या मारत होती. भुताची मालकीण होती सुमय्या. एरवी ती शाळेत शिकवायची. तिनं जगदेवीला हाताला धरून थेट एका खुर्चीवर बसवलं.

"नवीन माणूस मिळालं! ताई, एवढा हा खेळ खेळून बघा ना. मनात येईल ते मोठ्यानं बोला. वाईट वाटलं तर वाईटच बोला."

"कुणी बनवलाय?"

"ह्यानं." सुमय्यानं खिडकीकडे बोट केलं.

खिडकीपाशी एक उंच, सावळा मुलगा उभा होता. दोन्ही गाल टम्म फुगलेले. त्यानं मान हलवून नमस्कार केला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. दाढ सुजली असेल बिचाऱ्याची, असं जगदेवीला वाटलं.

तिनं पडद्याकडे पाहिलं. एका गावाच्या गल्ल्या, दगडी भिंती, एक मोठा पिंपळ, आणि पिंपळाखाली एक जनावर. खाली लिहिलं होतं — चांदीला घरी न्या.

"चांदी म्हणजे कोण, ही?" जगदेवीनं बाण दाबून बघितले. जनावर टुणकन उडी मारून पळालं. "अगं बया... ही शेळी हाय का म्हशीचं पारडू?"

खिडकीपाशी काहीतरी खुसफुसलं.

"आणि हिला पाय किती हाईत? एक, दोन, तीन, चार... पाच?"

फुस्स! मुलाच्या तोंडातून पाण्याचा फवारा उडाला. टेबलावर, खिडकीच्या गजांवर, आणि निम्मा जगदेवीच्या नव्याकोऱ्या ओढणीवर. माडी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"सॉरी... लई सॉरी..." तो मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. "पण पाय चारच हाईत. पाचवी शेपटी हाय."

"शेळीची शेपटी वर असती. जमिनीला टेकत न्हाई. शेळी बघितली का कधी?"

"घरात चार हाईत की."

"मग घरी गेल्यावर त्यांची माफी मागा," जगदेवी ओढणी पिळत म्हणाली. तिला राग आला होता, पण त्या रागात हसू कुठून मिसळलं ते तिचं तिलाच कळेना.

तर ही ऐतवारची मंडळी अशी होती. कुणी फोन दुरुस्त करायचं, कुणी शाळेत शिकवायचं, कुणी घरचं दुकान सांभाळायचं, आणि उरलेल्या वेळात सगळी मिळून खेळ बनवायची. कुठली मोठी कंपनी नाही, साहेब नाही. एक नियम मात्र कडक होता. आपला खेळ दुसऱ्याच्या हातात असताना बनवणाऱ्यानं बोलायचं नाही. समजावायचं नाही, सुचवायचं नाही, बाजू मांडायची नाही. उद्या खेळ जगात गेल्यावर प्रत्येकाच्या शेजारी बसून "इकडून जा, तिकडून जा" सांगायला बनवणारा थोडाच येणार आहे! पण आपली माणसं गप्प बसतील तर शपथ. म्हणून जीशाननं तोड काढली होती. खेळ सुरू झाला की बनवणाऱ्यानं तोंडात पाण्याची गुळणी धरायची, ती खेळ संपेपर्यंत.

जगदेवीनं टेबलावरच्या फोनच्या रिकाम्या खोक्यावर पेनानं भराभर एक शेळी काढली. वर उचललेली शेपटी, किंचित तिरकी मान, आणि आता मी तुझं काहीएक ऐकणार नाही असे डोळे.

मुलगा खोक्याकडे बघतच राहिला. मग तिच्याकडे बघत राहिला.

"तुम्ही... चित्रकार हाव?"

"किडन्या काढते."

"आं?"

"क्लासमध्ये. व्हिडिओसाठी. किडनी, हृदय, बेडकाचं आतडं... दिवसभर तेच."

"मी त्याच किडन्या दोन वर्षं पाठ करत होतो," तो हसून म्हणाला. "डॉक्टर व्हायला आलतो लातूरला. किडनी काय लक्षात राहिली न्हाई. शिवलिंग माझं नाव. शिवा म्हणतात."

"जगदेवी," ती म्हणाली. आजीचं नाव लावल्याबद्दल ती अव्वावर, म्हणजे आईवर, कायम चिडलेली असायची. पण शिवानं ते नाव एकदा हळूच स्वतःशी म्हणून बघितलं, आणि त्या क्षणी तिला ते बरंच बरं वाटलं.

पुढच्या ऐतवारी फोन धडधाकट असूनही जगदेवी जीशानच्या माडीवर हजर होती. शेळी सुधारायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. शेळी सुधारली. मग पिंपळ सुधारायचा होता. मग भिंती. काम काय, काढलं की निघतं!

दोघं एकाच पडद्यासमोर बसायची. तो काहीतरी लिहायचा, ती रंग भरायची. मध्येच दोघांचा हात एकदम माउसवर जायचा आणि दोघंही एकदम मागे घ्यायची... मग बिचारा माउस बराच वेळ तसाच पडून राहायचा. सुमय्या भूत रंगवता रंगवता गालात हसायची.

"तू आधी घे," तो म्हणायचा.

"न्हाई, तू घे."

"मी घेऊ का?" असं खालून जीशान ओरडायचा.

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

गावाबद्दल मात्र शिवानं लगेच काही सांगितलं नाही. एकदा खाली चहा पिताना जगदेवीनंच विचारलं, "हे गाव हाय कुठं?"

"न्हाई आता."

"म्हणजे?"

"किल्लारीकडचं आमचं जुनं गाव. भूकंपात गेलं. मी त्याच्यानंतरचा, पत्र्याच्या शेडात जन्मलेला. आता राहतो ते नवं गाव, सगळी घरं एकसारखी, आकडे टाकलेली." त्यानं ग्लासातल्या चहाकडे बघितलं. "जुनं मी कधीच बघितलं न्हाई. पण घरात रोज त्याचंच बोलणं. पाण्याला जाताना लागणारी चिंच, तेल्याची गल्ली, पारावरचा पिंपळ... म्हटलं, एकदा फिरून तर बघू."

"आणि खेळात... भूकंप होतो?"

"न्हाई," शिवा म्हणाला. "माझ्या गावात भूकंप होत न्हाई. शेळी सुटते, एवढंच संकट."

जगदेवी त्याच्या प्रेमात पडली ती याच वाक्याला. तिथंच, उभ्याउभ्या, हातात अर्धा चहा असताना.

श्रावणात मंडळी शेळ्यांचे आवाज टिपायला शिवाच्या गावी गेली. शेळ्यांनी भरपूर आवाज दिले. आवाज टिपून झाल्यावर शिवाच्या आईनं जगदेवीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि जुनं गाव दाखवते म्हणाली. तिनं फरशीवर भांडी मांडायला सुरुवात केली. तांब्या म्हणजे मारुतीचं देऊळ. पळी म्हणजे वेशीकडचा रस्ता. परात म्हणजे पाटलाचा वाडा, चमचे म्हणजे गल्ल्या. सगळं मांडून झाल्यावर तिनं एक छोटी वाटी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि तेल्याच्या गल्लीच्या टोकाला ठेवली.

"हे आमचं घर, माय."

वाटी जरा कलंडली. ती सरळ करायला जगदेवीनं बोट पुढं केलं, त्याच वेळी शिवानंही केलं. दोघांची बोटं वाटीच्या काठावर टेकली आणि या खेपेला कुणीच मागे घेतली नाहीत. शिवाच्या आईनं ते बघितलं आणि चुलीवर काहीही नसताना ती चुलीकडे वळली.

इथवर सगळं गोड होतं. पण शिवाला एक खोड होती, आणि ती खोड खेळ बनवणाऱ्यालाच लागते. त्याचा खेळ संपतच नव्हता. गावातला कुणी म्हातारा म्हणाला, की पिंपळ डाव्या हाताला नव्हता, उजव्या हाताला होता, की हा अख्खा पार मोडून पुन्हा बांधायचा. दुसरा म्हणाला विहिरीला पायऱ्या होत्या, की विहीर उपसायला घ्यायचा. अशी वर्षं गेली होती. आणि मुख्य गंमत म्हणजे चांदीला घरी नेलं तरी काही होतच नसे! दारात जाऊन शेळी उभी राहायची, मान तिरकी करायची आणि पुन्हा गल्लीत पळून जायची. घर होतं, दार होतं, पण शेवट त्यानं केलाच नव्हता.

"शेवट कधी करणार?" जगदेवी विचारायची.

"गाव पुरं झालं की."

त्यातच रेणापूरहून अव्वाचा फोन आला. नांदेडचं स्थळ, मुलगा बँकेत, सुट्टी मिळत नाही, म्हणून मुलीलाच नांदेडला मावशीकडे आणा, ऐतवारी चार वाजता पाहुणे तिथं येतील. योगायोग असा की त्याच ऐतवारी नांदेडला खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा होता, आणि शिवाचा खेळही तिथं मांडायचा होता.

"त्या दिवशी मला मावशीकडं जायचंय," जगदेवीनं शिवाला माडीच्या जिन्यात गाठून सांगितलं. "पाहुणे येणार हाईत. बघायला."

"काय बघायला?"

"किडन्या!" ती चिडलीच. "मला बघायला, अजून काय?"

शिवाचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलायला गेला, थांबला, पुन्हा गेला... "जगू, मला तुला एक सांगायचंय. पण एवढी तेल्याची गल्ली होऊ दे. एकच गल्ली राहिली. गाव पुरं झालं की सांगतो, हाव?"

"तुझं गाव पुरं होणार न्हाई, शिवा." तिनं ओढणी खांद्यावर ओढली. "आणि तुझी शेळी कधीच घरी जाणार न्हाई. पाहुणे मात्र चार वाजता येऊन राहिलेत."

ती जिना उतरून गेली. मागून त्यानं हाक मारली असती तर ती थांबली असती, खरं सांगायचं तर ती दोन पायऱ्यांवर थांबलीही होती. पण हाक आली नाही. त्यानंतर ना ती माडीवर गेली, ना त्यानं फोन केला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी जगदेवी अप्पांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, एसटीनं नांदेडला निघाली. अव्वा आदल्या दिवशीच मावशीकडे जाऊन चिवडा-लाडवाच्या मागे लागली होती. अप्पा, म्हणजे संगप्पा, साधा, मोकळा माणूस. शेत आणि जनावरं यांच्यावर त्याचा जीव, आणि बायकोपुढे बोलती बंद. लोह्याला बस चहासाठी थांबली तेव्हा जगदेवीनं धीर केला.

"अप्पा, मी काढलेली चित्रं नांदेडला एका हॉलमध्ये लावलीत. थोडा वेळ जाऊ या?"

"तुझी चित्रं? मग जायाचंच की!"

खरं कारण वेगळं होतं. जगदेवीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. शिवानं खेळाला शेवट केला असेल, तर अप्पांना सगळं सांगायचं. केला नसेल, तर साडी नेसायची, चहाचा ट्रे उचलायचा आणि पाहुण्यांना हो म्हणायचं. जो माणूस शेळीला घरात घेऊ शकत नाही, तो आपल्याला काय घेणार! वेडेपणा होता, पण प्रेमात पडलेल्या मुलीकडून याहून शहाणपणाची अपेक्षा कुणी करू नये.

हॉल गजबजलेला होता. परभणी, लातूर, नांदेड, सगळीकडची पोरं आपापले खेळ टेबलांवर मांडून बसली होती. बाहेर रिमझिम लागली होती, दारात चपलांचा ढीग पडला होता. कोपऱ्यातल्या टेबलापाशी शिवा उभा होता. जगदेवीला बघताच तो पुढं आला, तोंड उघडलं... आणि तेवढ्यात संगप्पा त्याच्या खुर्चीवर बसलासुद्धा.

"ही शेळी माझ्या पोरीनं काढली? वा! काय दाबायचं रं हिला?"

खेळणारा बसला. नियम म्हणजे नियम. जीशाननं शिवाच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि शिवानं कपाळाला हात लावून गुळणी भरली.

"हे बाण दाबा, अप्पा," जगदेवी म्हणाली.

बाकीची पोरं शेळी दिसली की तिच्यामागं धावायची, आणि शेळी पळून जायची. संगप्पानं तसं केलं नाही. तो बाजूबाजूनं चालत राहिला, बाभळीच्या शेंगा वेचत, आणि तोंडानं शेळीशी बोलत. "ये माय, ये. कुटं चाललीस भवाने? हां... शेंग बघ कशी हाय. अशी... अशी..." शेजारच्या टेबलांवरची मंडळी आपले खेळ सोडून त्याच्यामागे गोळा झाली.

"गाव कुठलं रं हे?" त्यानं मान न वळवता विचारलं.

शिवानं फुगलेल्या गालांनी जगदेवीकडे बघितलं.

"किल्लारीकडचं हाय, अप्पा," जगदेवीनं सांगितलं. "त्याचं जुनं गाव. भूकंपातलं."

संगप्पाचं बोट बाणावर थांबलं. पडद्यावरचा पिंपळ, पार, मारुतीचं देऊळ तो बराच वेळ बघत राहिला.

"मी गेलतो ह्या भागात," तो म्हणाला. "तवा लग्न झालं नव्हतं माझं. रेणापूरच्या घराघरातून भाकरी गोळा केल्या, टेम्पो भरला आणि गेलो. भाकरी कुणाच्या हातात द्यायची तेच कळंना, बाई. हे असं गाव मी बघितलंय. पण उभं न्हाई बघितलं... आज बघून राहिलो."

शिवाचे डोळे भरून आले होते आणि बिचाऱ्याला नाक ओढायचीही सोय नव्हती. मग संगप्पानं खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले आणि पुन्हा शेळीमागं लागला.

"ह्याचे आईबाप?"

"दोघंबी हाईत. थोडी जमीन हाय, चार शेळ्या हाईत," जगदेवी म्हणाली.

"आणि हा काय करतो?"

"दिवसा जीशानच्या दुकानात फोन दुरुस्त करतो. एका क्लासचं ॲप बनवायचं काम मिळालंय."

"काही व्यसन?"

"चहा. आणि पिंपळ मोडून परत बांधायचं."

"स्वभाव कसा हाय?"

"लई चांगला. राग येत न्हाई त्याला. मलाच येतो. शेपू खात न्हाई, झोपेत बडबडतो म्हणे, आई सांगत होती, आणि हाक मारायची तवा मारत न्हाई..." जगदेवी थबकली.

संगप्पानं मान वळवून लेकीकडे बघितलं. मग गाल फुगवलेल्या पोराकडे. मग पुन्हा लेकीकडे.

"विचारून राहिलो त्याला, उत्तरं देऊन राहिली तू," तो सावकाश म्हणाला.

जगदेवीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तेवढ्यात चांदी तेल्याच्या गल्लीत शिरली. गल्ली आता पुरी बांधलेली होती, पण जगदेवीचं लक्ष गल्लीकडे नव्हतंच. गल्लीच्या टोकाला ते घर होतं. तिचं तिनं काढलेलं दार. संगप्पानं शेळीला हळूहळू दारात आणलं. चांदी उभी राहिली. मान तिरकी केली. जगदेवीनं डोळे मिटून घेतले. आता ती वळणार, पुन्हा गल्लीत पळणार...

"ये, ये. आत ये माय," अप्पांचा आवाज आला.

तिनं डोळे उघडले. चांदी उंबरा ओलांडून आत गेली होती. अंगणात खुंट्याला बांधलेली, समोर चारा. गल्लीत दिवेलागण झाली, एकेका घरात उजेड आला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली — चांदी घरी आली. खेळ संपला.

संगप्पानं टाळी वाजवली. मागची सगळी पोरं ओरडली. आणि जगदेवी? जगदेवी हसत होती आणि रडत होती, आणि दोन्ही एकाच वेळी करताना माणूस जसं दिसतं तशी अगदी बावळट दिसत होती.

"शेळी घरी गेली की गं. रडून कामून राहिली?" संगप्पानं विचारलं. मग तो शिवाकडे वळला. "आणि तू, पोरा. खेळ संपला न्हवं? आता ते पाणी गिळ आणि बोल. का लग्नातबी माझ्याच पोरीनं तुझी उत्तरं द्यायची?"

शिवानं घोट गिळला. ठसका लागला, जीशाननं पाठीत धपाटा घातला.

"काका..." त्याला आवाज फुटला. "मला जगदेवी आवडती. लई दिवसांपासून. गाव पुरं झाल्यावर सांगणार होतो. पण ती रागानं गेली, आणि मी एकटाच त्या गल्ल्यांतून फिरत बसलो. कितीबी घरं बांधली तरी करमंना. मला कळलं, हे गाव बघायला चांगलं हाय, पण मला राहायचंय ते हितं, बाहेर. हिच्यासंगं. मग एका बैठकीत शेवट करून टाकला. अजून चिंच राहिलीय बांधायची... राहू दे."

हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. संगप्पा काही बोलणार, तोच जगदेवी उसळली.

"हे आधी मला सांगायचं असतंय! अप्पांना काय सांगून राहिलास?"

"तू भांडून गेलीस की!"

"मग फोन कुणी करायचा? जीशाननं?"

"मी करणार होतो," जीशान म्हणाला, "ह्यानंच करू दिला न्हाई."

आणि नेमका तेव्हाच संगप्पाचा फोन वाजला. सरजाबाई, म्हणजे अव्वा! घड्याळ बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. संगप्पानं फोन कानाला लावला, लगेच हातभर लांब धरला, आणि आवाज जरा ओसरल्यावर परत जवळ आणला.

"अगं ऐक... ऐक तर... पाहुण्यांना फोन कर आणि खरं ते सांग. पोरीचं मन दुसरीकडं हाय म्हणावं, राग मानू नका... हाव, दुसरीकडं... मलाबी आत्ताच कळलं... हितंच हाय पोरगा, माझ्यासमोर... काय करतो? शेळ्या... राखत न्हाई गं, बनवतो... मी शुद्धीवरच हाय!" पलीकडचं ऐकून घेऊन त्यानं फोन खाली घेतला. "घेऊन या म्हणती. चिवडा केलाय, लाडू केलेत, वाया घालवणार न्हाई. मी बघते म्हणती पोराला."

"आत्ता?" शिवानं स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. "ह्या कपड्यांवर?"

"मला साडी नेसवून, ट्रे घेऊन बसवणार होते ते चालत होतं का?" जगदेवी म्हणाली. "आता तू बस. खाली मान घालून. नाव काय, शिक्षण किती, सैपाक येतो का..."

"पोहे येतात."

"बघू."

ऑटोत संगप्पा मुद्दाम पुढे, ऑटोवाल्याच्या शेजारी बसला, आणि पाऊस-पाण्याच्या गप्पा त्यानं इतक्या मोठ्यानं सुरू केल्या, की मागचं काही ऐकू येऊ नये. मागे दोघं. रस्त्यावरचं पाणी चाकांनी फर्रकन उडत होतं आणि ऑटोच्या ताडपत्रीतून एक थेंब नेमका शिवाच्या खांद्यावर टपकत होता. तो जरा आत सरकला. जगदेवी सरकली नाही.

"अव्वा लई कडक हाय का?"

"लई."

"मला नापास केलं तर?"

"तुला सवय हाय की," जगदेवी म्हणाली, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून तिनं हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. "मी हाय न."

तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली. इतक्या जवळून त्याचे डोळे तिनं याआधी कधी बघितले नव्हते. घाबरलेले होते, आणि तिच्यावरून हलत नव्हते.

"अप्पांना सांगितलं ते झालं," शिवा म्हणाला. "आता तुला सांगतो. गाव, खेळ, गल्ली, सगळं बाजूला. मला तू पाहिजे, जगदेवी. रोज. रागावलेली असली तरीबी. माझ्याशी लग्न करशील?"

दिवसभर दुसऱ्याची उत्तरं धडाधड देणाऱ्या जगदेवीनं स्वतःच्या उत्तराच्या वेळी मात्र ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. ऑटो वळली. मावशीची गल्ली आली, मावशीचं दार दिसलं, आणि दारात कंबरेवर हात ठेवून उभी असलेली अव्वासुद्धा.

"लवकर सांग," शिवा कुजबुजला. "आत गेल्यावर मला बोलू द्यायच्या न्हाईत त्या."

"हाव," जगदेवी म्हणाली. तो शब्द इतक्या जोरात बाहेर पडला, की ऑटोवाल्यानं दचकून ब्रेक दाबला आणि दारातल्या अव्वालाही तो स्पष्ट ऐकू गेला.